वाचनालयाची नवी खिडकी: संवादी वेब-साधने ग्रंथालयाच्या रोजच्या कामात कशी आणावीत

तालुक्याच्या वाचनालयात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही देवघेवीची सर्वांत गर्दीची वेळ असते. टेबलाच्या एका बाजूला परत आलेल्या पुस्तकांची चळत, दुसऱ्या बाजूला दिवाळी अंकांची वाट पाहणारे सभासद, आणि त्यातच टेबलावरच्या मोबाइलवर संदेश येतो, ‘मॅडम, माझ्याकडच्या पुस्तकाची मुदत वाढवून मिळेल का?’ समोर उभ्या असलेल्या माणसाला उत्तर मिळते. मोबाइलवरच्या माणसाला मात्र ते दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी मिळते आणि पुष्कळदा कधीच मिळत नाही. गेली अनेक वर्षे सार्वजनिक ग्रंथालयांतून काम करताना आणि शिकवताना मी हे दृश्य इतक्या ठिकाणी पाहिले आहे, की या लेखाची सुरुवात तेथूनच करणे मला योग्य वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांक, फेसबुकचे पान, मागणीचा ऑनलाइन फॉर्म, वेबवरची ग्रंथसूची यांपैकी प्रत्येक साधन म्हणजे देवघेवीची आणखी एक खिडकी असते. खिडकी उघडली की तिच्यापाशी माणूस बसायला हवा. जितक्या खिडक्यांपाशी माणूस बसवता येईल तितक्याच उघडाव्यात, आणि उघडलेली खिडकी मात्र वेळेवर, रोज, न चुकता चालवावी, हे माझे या विषयातले मुख्य म्हणणे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांपैकी ‘क’ आणि ‘ड’ वर्गाची, म्हणजे लहान, ग्रंथालये फार मोठ्या संख्येने आहेत. तेथे बहुधा एकच माणूस ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे सांभाळतो. पुढील सर्व पायऱ्या त्या एका माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. ‘अ’ वर्गाच्या मोठ्या ग्रंथालयांनी त्या आपापल्या मनुष्यबळानुसार वाढवून घ्याव्यात.

पहिली पायरी: टेबलावरची वही

कोणतेही साधन सुरू करण्यापूर्वी पूर्ण एक आठवडा देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि सभासदाने विचारलेला प्रत्येक प्रश्न, मग तो प्रत्यक्ष विचारलेला असो किंवा फोनवर, एका ओळीत लिहून काढावा. प्रश्न कोणी विचारला हे लिहिण्याची गरज नाही. प्रश्न काय होता आणि त्याचे उत्तर देण्यास साधारण किती वेळ लागला, एवढेच लिहावे. आठवड्याच्या शेवटी वही उघडली की प्रश्नांचे सहा-सात ढीग आपोआप पडतात: अमुक पुस्तक आहे का, असल्यास आत्ता कपाटात आहे का, माझी मुदत कधी संपते, वर्गणी आणि अनामत किती, अभ्यासिकेत जागा रिकामी आहे का, नवीन काय आले, आणि उद्या वाचनालय उघडे आहे का.

या ढिगांवरून साधन ठरते. ‘उद्या उघडे आहे का’ हाच प्रश्न सर्वाधिक वेळा आला असेल, तर वेळ आणि सुट्ट्या गूगलच्या नकाशावर नीट नोंदवणे एवढे एकच काम पुरेसे आहे आणि फेसबुकचे पान काढण्याचे काहीही कारण नाही. ‘पुस्तक आहे का’ हा प्रश्न अधिक असेल तर ग्रंथसूची वेबवर नेण्यास पर्याय नाही. उलट ‘शेजारच्या गावातल्या वाचनालयाने व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढले, म्हणून आपणही काढू’ असा ठराव कार्यकारी मंडळात झाला, की सहा महिन्यांनी त्या चॅनेलवर केवळ सणांच्या शुभेच्छांची चित्रे उरतात. कार्यवाहांपुढे वहीतली ही मोजणी ठेवली की चर्चा मुद्द्यावर राहते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: ग्रंथसूची शोधता येईल अशी करणे

हे सर्वांत कष्टाचे काम आहे आणि ते टाळून पुढे गेलेल्या ग्रंथालयांना नंतर दुप्पट श्रम पडतात. सभासद घरबसल्या पुस्तक शोधू लागला की त्याला उत्तर देतो तो आपल्या नोंदींचा संग्रह. नोंदच चुकीची असेल तर खिडकी उघडी असूनही आत अंधार राहतो.

आधी पाहावे की आपली यादी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर मराठी तशीच दिसेल अशा पद्धतीत आहे, की जुन्या फॉन्टमध्ये. दहा-पंधरा वर्षांपूर्वी संगणकावर चढवलेल्या अनेक याद्या अशा फॉन्टमध्ये आहेत, की ज्यात पडद्यावर मराठी दिसते पण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. परीक्षा सोपी आहे. यादीतली एक ओळ निवडून मोबाइलवरच्या संदेशात चिकटवावी. मराठी तशीच दिसली तर यादी युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसला तर संपूर्ण यादी परिवर्तकातून बदलून घ्यावी लागेल. परिवर्तनानंतर किमान प्रत्येक विसावी नोंद डोळ्यांनी तपासावी, कारण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा हमखास चुकतात.

त्यानंतर येतात त्या मराठीच्या स्वतःच्या अडचणी, ज्यांबद्दल संगणक पुरवणारे सहसा सांगत नाहीत. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त येते; दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, पण शोधयंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एका वाचनालयात एक सभासद अशाच शब्दाने शीर्षक शोधत होते. पुस्तक समोरच्या कपाटात होते, आणि पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे येत होते. आम्ही दोघांनी शीर्षकाचे एकेक अक्षर पुन्हा टंकून पाहिले तेव्हा कारण उमगले. यावर उपाय असा, की सर्वांनी एकच रीत ठरवावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे या कळांनी ‘ऱ’ येतो, तीच रीत घ्यावी आणि जुन्या नोंदींत ‘शोधा व बदला’ ही सोय वापरून एकवाक्यता आणावी.

दुसरी अडचण जुन्या पुस्तकांची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. त्यापूर्वीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘गोष्टीं’ असे अनुस्वार सर्रास आढळतात. आजचा वाचक ‘काही’ असेच टंकणार. अशा वेळी शीर्षक मुखपृष्ठावर आहे तसेच नोंदवावे, कारण ती ग्रंथाची ओळख आहे. आणि आजच्या लेखनाप्रमाणे पर्यायी शीर्षक दुसऱ्या रकान्यात द्यावे. मार्क-२१ या नोंदपद्धतीत मूळ शीर्षकासाठी २४५ आणि पर्यायी शीर्षकासाठी २४६ हे क्षेत्र आहे. साध्या तक्त्यात काम करणाऱ्यांनी ‘शोधशीर्षक’ असा एक जादा रकाना ठेवला तरी भागते.

तिसरी अडचण नावांची. एकाच लेखकाचे नाव दाखल नोंदवहीत चार प्रकारे आढळते: आडनाव आधी, आडनाव शेवटी, आद्याक्षरांमध्ये जागा सोडून आणि जागा न सोडता. शिवाय टोपणनावे असतात. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज हे एकच आहेत हे ग्रंथपालाला ठाऊक असते, यंत्राला नसते. प्रत्येक लेखकासाठी नावाचे एक प्रमाण रूप ठरवून त्याची वेगळी यादी करावी, टोपणनावाकडून मूळ नावाकडे आणि उलट दिशेनेही निर्देश द्यावा, आणि नवी नोंद करणाऱ्याने त्या यादीतूनच नाव उचलावे. पाच हजार ग्रंथांच्या संग्रहात हे काम रोज एक तास दिल्यास काही महिन्यांत पूर्ण होते. ते दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदम उरकण्याच्या नादी लागू नये.

आता प्रणालीविषयी. कोहा ही ग्रंथालयाच्या कामाची मुक्त स्रोत (कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी) प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी १९९९ मध्ये तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत तेथे प्रत्यक्ष वापरात आली. आज जगभरच्या ग्रंथालयांत ती वापरली जाते. तिच्या वेबवरच्या ग्रंथसूचीत, म्हणजे ज्याला आपण ओपॅक म्हणतो त्यात, सभासदाला पुस्तक राखून ठेवता येते, मुदत वाढवता येते, खरेदीसाठी पुस्तक सुचवता येते आणि अभिप्राय लिहिता येतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. पण प्रणालीला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो आणि वीज गेल्यावर काय करायचे याचा विचार लागतो. ज्या ग्रंथालयाकडे हे नाही त्याने संकोच न करता ऑनलाइन तक्त्यापासून सुरुवात करावी. दाखल क्रमांक, शीर्षक, शोधशीर्षक, लेखकाचे प्रमाण नाव, प्रकाशक, वर्ष, वर्गांक, कपाट क्रमांक एवढे रकाने घ्यावेत आणि सभासदांना तो तक्ता फक्त पाहण्याच्या परवानगीने द्यावा. ज्या ग्रंथालयात ड्यूई वर्गीकरण वापरले जाते, तेथे मराठी कादंबरीसाठी ८९१.४६३ हा वर्गांक येतो. जेथे ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘प्रवासवर्णन’ असे साधे विभाग आहेत तेथे तेच लिहावेत, कारण वाचक त्याच नावांनी विचारतो. पुढेमागे कोहा घेतल्यास नीट भरलेला तक्ता बराचसा तसाच आत चढवता येतो, म्हणजे केलेले काम वाया जात नाही.

तिसरी पायरी: कर्मचाऱ्यांनी शिकावे कसे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट-मेक्लेनबर्ग सार्वजनिक ग्रंथालयात २००६ मध्ये हेलेन ब्लोअर्स यांनी सर्व कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या कृतींचा एक अभ्यासक्रम आखला. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. प्रत्येकाने आपापल्या वेळेत एकेक कृती स्वतः करून पाहायची आणि काय जमले, काय अडले ते स्वतःच्या वेबनोंदीत, म्हणजे ब्लॉगवर, लिहायचे. सर्व कृती पूर्ण करणाऱ्याला संगीत ऐकण्याचे एक छोटे यंत्र भेट मिळत असे. ही पद्धत पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी आपापल्या गरजेप्रमाणे उचलली. त्या यादीतली बरीच साधने आज कालबाह्य झाली आहेत, पण पद्धत तितकीच उपयोगी आहे. तिचे मर्म असे, की कर्मचाऱ्याला चुका करण्याची जागा सभासदांच्या नजरेआड मिळते.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाचे शिबिर, पडद्यावर पळणाऱ्या चित्रफिती आणि दुपारचे जेवण, असे पुष्कळदा घडते. परत आल्यावर कळ कोठे दाबायची हेच आठवत नाही. त्याऐवजी बारा आठवड्यांसाठी बारा कृती ठरवाव्यात आणि आठवड्यातून एकदा, वाचनालय उघडण्यापूर्वीचा अर्धा तास त्यासाठी राखावा. हा अर्धा तास कामाच्या वेळेतच धरावा. घरी जाऊन शिका असे सांगणे अन्यायाचे आहे, विशेषतः तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्यांना. कृती अगदी लहान असाव्यात. मोबाइलवर आणि संगणकावर दोन्हीकडे मराठी टंकणे. ग्रंथसूचीत एक जुने पुस्तक तीन वेगवेगळ्या शब्दांनी शोधणे. एका सहकाऱ्याच्या संदेशाला ठरलेल्या नमुन्यातून उत्तर देणे. एक फॉर्म तयार करून तो स्वतःच भरणे. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरून एका प्रश्नाचे उत्तर काढणे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून मोफत उपलब्ध असलेले एक पुस्तक उतरवून घेणे. चुकून पाठवलेला संदेश मागे घेणे. परवलीचा शब्द बदलणे. शेवटच्या दोन कृती सर्वांनी दोनदा कराव्यात.

माझ्याबरोबर काम केलेल्या एक ताई निवृत्तीला चार वर्षे उरली असताना या वाटेने शिकल्या. दाखल नोंदवहीतले त्यांचे अक्षर छापल्यासारखे होते, आणि संगणकावर बसले की त्यांचा हात थरथरत असे. पहिल्या आठवड्यात त्यांनी केवळ स्वतःच्या नातवाचे नाव टंकले. आठव्या आठवड्यात ग्रंथसूचीत एकाच कादंबरीच्या दोन नोंदी कशा झाल्या आहेत ते त्यांनीच दाखवून दिले, कारण नोंदवहीतली ती पाने त्यांच्या डोळ्यांपुढे होती. जुन्या कर्मचाऱ्याला संग्रह ठाऊक असतो आणि नव्या मुलाला कळा ठाऊक असतात. दोघांना एका टेबलावर बसवले तर काम नीट होते. संगणकाचे सर्व काम तरुण मदतनिसाकडे सोपवून ताईंना बाजूला बसवले असते, तर ती दुहेरी नोंद कोणाच्याच लक्षात आली नसती.

चौथी पायरी: संदेशांची खिडकी

आपल्या भागात सभासदांशी संवादाचे सर्वांत चालते साधन व्हॉट्सअ‍ॅप आहे, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहितो.

गट काढू नये. हे मी ठामपणे सांगतो. गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो, आणि वाचनालयात नाव नोंदवताना सभासदाने क्रमांक दिला तो ग्रंथपालाला, इतर दोनशे जणांना नव्हे. एका ठिकाणी वाचनालयाच्या गटातून क्रमांक घेऊन एका तरुण सभासद मुलीला नको ते संदेश येऊ लागले. तिने गट सोडला, पुढच्या महिन्यात सभासदत्वही सोडले, आणि कारण आम्हाला फार उशिरा कळले. त्या घटनेची जबाबदारी गट काढणाऱ्यांची, म्हणजे आम्हा सर्वांची होती, असे मी मानतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये संसदेने संमत केला आहे. दिलेली माहिती ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी वापरावी, हे त्याचे तत्त्व ग्रंथालयाने कायद्याच्या आधीपासूनच पाळायला हवे होते.

गटाऐवजी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एकतर्फी सूचनांसाठी, म्हणजे नवीन ग्रंथांची यादी, सुट्टी, कार्यक्रम यांसाठी, चॅनेल वापरावे. तेथे सभासदांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. प्रसारण यादीही, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोयही, चालते, पण तिच्यात एका यादीला २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्याने वाचनालयाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. म्हणून सभासद नोंदणी करतानाच त्याला क्रमांक जतन करण्यास सांगावे. दुतर्फी संवादासाठी वाचनालयाच्या नावाच्या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्यावे. त्यात ठरावीक उत्तरे साठवून ठेवता येतात, वाचनालय बंद असताना आपोआप जाणारा संदेश लावता येतो आणि प्रत्येक संवादाला ‘मुदतवाढ’, ‘मागणी’, ‘चौकशी’ अशी चिठ्ठी लावता येते. चिठ्ठीमुळे कोणाचे उत्तर राहिले ते एका नजरेत दिसते.

उत्तर देण्याची वेळ जाहीर करावी आणि ती पाळावी. वाचनालय उघडल्यावर पहिली वीस मिनिटे आणि बंद होण्यापूर्वीची वीस मिनिटे, एवढे लहान ग्रंथालयाला पुरते. मधल्या गर्दीत मोबाइल टेबलाच्या खणात ठेवावा. समोर उभ्या असलेल्या सभासदाला थांबवून पडद्यावरच्या सभासदाला उत्तर देऊ नये.

उत्तराची भाषा टेबलावरच्या भाषेसारखीच असावी. काकूंनी विचारले, ‘ते पुस्तक आले का हो?’ तर ‘आपली विनंती नोंदविण्यात आली आहे’ असे कोरडे उत्तर पाठवू नये. असे लिहावे: ‘नमस्कार काकू. पुस्तक अजून बाहेर आहे, गुरुवारी परत येणे आहे. आले की तुमच्या नावाने दोन दिवस राखून ठेवतो आणि कळवतो.’ या तीन वाक्यांत पुस्तक कोठे आहे, कधी येईल आणि आपण काय करणार आहोत हे सर्व आले. मात्र पुस्तक कोणाकडे आहे हे कधीही सांगू नये, सभासदाने कितीही आग्रह केला तरी. कोण काय वाचतो ही त्या वाचकाची खासगी बाब आहे, आणि छोट्या गावात तिला विशेष जपावे लागते.

जे सभासद मोबाइल वापरत नाहीत त्यांच्यासाठी दूरध्वनी, फलक आणि टेबलावरची चिठ्ठी तशीच चालू ठेवावी. चॅनेलवर गेलेली प्रत्येक सूचना त्याच दिवशी मोठ्या अक्षरांत छापून दारातल्या फलकावर लागली पाहिजे.

पाचवी पायरी: मागणीचा फॉर्म

खरेदीसाठी वाचकांनी पुस्तके सुचवण्याची जुनी मागणी वही बहुतेक वाचनालयांत असते आणि ती कोणी उघडून पाहत नाही, अशी सभासदांची समजूत झालेली असते. ऑनलाइन फॉर्मने ही समजूत बदलू शकते, पण एका अटीवर: सुचवलेल्या प्रत्येक पुस्तकाचे पुढे काय झाले ते महिन्यातून एकदा जाहीर करावे.

फॉर्ममध्ये पाचच प्रश्न असावेत: शीर्षक, लेखक, ते का हवे आहे, सभासद क्रमांक आणि उत्तर कोठे कळवावे. आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता असली माहिती मागू नये. उत्तरे तक्त्यात जमा होतात. त्या तक्त्यात ग्रंथ निवड समितीचा निर्णय आणि त्याचे कारण असे दोन रकाने आपण वाढवावेत. ‘मंजूर, मार्चच्या खरेदीत’, ‘संग्रहात आहे, कपाट १४’, ‘छपाई संपली आहे, जुन्या बाजारात शोध चालू’, ‘या वर्षी रक्कम शिल्लक नाही’ अशी सरळ कारणे लिहावीत. नकाराचे कारण कळले तर वाचक रागावत नाही, हे मी वारंवार अनुभवले आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मागण्या एकाच विषयाच्या आणि मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म ठेवला तर कथा-कादंबऱ्या मागणाऱ्यांचा आवाज त्यात बुडत नाही.

सहावी पायरी: नकाशावरची नोंद

हे अर्ध्या तासाचे काम आहे. गूगलच्या नकाशावर वाचनालयाची नोंद आपल्या ताब्यात घ्यावी, नाव देवनागरीत द्यावे, वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि दूरध्वनी क्रमांक तपासावा, आणि प्रवेशद्वाराचे एक स्पष्ट छायाचित्र लावावे. सणाच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरून टाकाव्यात. कोणी तेथे तक्रार लिहिली असेल तर वाद न घालता दोन ओळींत उत्तर द्यावे आणि केलेली दुरुस्ती सांगावी.

सातवी पायरी: वाचकांचे लेखन, आणि पीडीएफचा प्रश्न

संवादी साधनांचे खरे देणे म्हणजे वाचक वाचकाशी बोलू लागतो. वाचलेल्या पुस्तकाविषयी सभासदाने लिहिलेल्या पाच ओळी त्या पुस्तकाच्या नोंदीखाली दिसल्या, की कपाटात पडून असलेले पुस्तक बाहेर निघते. कोहामध्ये असा अभिप्राय ग्रंथालयाने मान्य केल्यावरच दिसतो, आणि ही सोय कधीही बंद करू नये. तक्त्यावर चालणाऱ्या ग्रंथालयाने अभिप्राय फॉर्ममधून घ्यावेत आणि आठवड्यातून एकदा निवडून चॅनेलवर द्यावेत. मत कितीही तिखट असले तरी ते पुस्तकाविषयी असेल तर छापावे. व्यक्तीविषयी, जातीविषयी, गावातल्या राजकारणाविषयी असेल तर छापू नये. हा नियम लिहून फलकावर लावावा, म्हणजे नकार देताना ग्रंथपाल एकटा पडत नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हे अशा लेखनाला सुरुवात करण्यास चांगले निमित्त आहे. बालविभागातल्या मुलांचे लेखन किंवा छायाचित्र देताना पालकांची लेखी संमती घ्यावी.

पीडीएफविषयी मात्र अजिबात ढिलाई नको. कोणीतरी सभासद चालू लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ पाठवतो आणि ‘सर्वांना द्या’ म्हणतो. ती वाचनालयाच्या क्रमांकावरून पुढे गेली तर लेखकाचे आणि प्रकाशकाचे नुकसान वाचनालयाच्या नावाने झाले. मराठी प्रकाशनाच्या आवृत्त्या आधीच लहान असतात. पुस्तके विकत घेऊन जगवणारी संस्थाच जर त्यांच्या चोरट्या प्रती वाटू लागली, तर मराठी पुस्तक उभे राहणार कोणाच्या आधारावर? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यानंतर ते लेखन सर्वांचे होते. अनुवादित पुस्तकात मूळ लेखक आणि अनुवादक या दोघांचाही हिशेब करावा लागतो.

याच नियमाने एक सुंदर कामही उघडे होते. ज्यांचा हक्क संपला आहे अशी जुनी, जीर्ण पुस्तके अनेक वाचनालयांत आहेत, कारण आपल्याकडची काही वाचनालये एकोणिसाव्या शतकातली आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा पुस्तकाची पाने सपाट प्रकाशात, बांधणी न उसवता चित्रित करून मराठी विकिस्रोत या सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर चढवता येतात, आणि तेथे वाचक मिळून मजकूर टंकून तपासतात. परगावी, परदेशी गेलेल्या आपल्या जुन्या सभासदांना या कामात सहभागी करून घ्यावे. गावापासून दूर असलेल्या माणसाला गावच्या वाचनालयासाठी काही करता येते, याचे त्यांना फार समाधान असते.

आठवी पायरी: किल्ल्या कोणाकडे

वाचनालयाच्या कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे नोंदवहीत लिहिलेले असते, पण खात्यांचे परवलीचे शब्द कोठेच लिहिलेले नसतात. एका वाचनालयाचे पान एका हौशी महाविद्यालयीन मुलाने स्वतःच्या क्रमांकावरून उघडले. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, क्रमांक बदलला, आणि त्या पानावर आजही जुनी वेळ, जुनी वर्गणी आणि दिवंगत अध्यक्षांचे नाव दिसते. दोष त्या मुलाचा नाही. संस्थेने खिडकी त्याच्या घराच्या भिंतीत पाडली होती.

सिमकार्ड आणि ईमेल वाचनालयाच्या नावाने घ्यावे, आणि प्रत्येक खाते त्यावरच उघडावे. परवलीच्या शब्दापलीकडे आणखी एक खात्री मागणारी द्विस्तरीय पडताळणी लावावी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा तिचा सहा अंकी पिन व परवलीचे शब्द बंद पाकिटात, तारखेसह, कार्यवाहांच्या तिजोरीत ठेवावेत. कर्मचारी बदलला की त्याच दिवशी शब्द बदलावा आणि पाकीटही. व्हॉट्सअ‍ॅप एका मुख्य मोबाइलशिवाय चार उपकरणांवर जोडता येते. जोडलेली उपकरणे महिन्यातून एकदा तपासावीत. ग्रंथसूचीची आणि फॉर्मच्या तक्त्यांची प्रत दर शनिवारी पेनड्राइव्हवर उतरवावी आणि ते पेनड्राइव्ह वाचनालयाच्या इमारतीबाहेर ठेवावे. अनुदानाच्या तपासणीला दाखल नोंदवही आणि देवघेवीच्या नोंदी दाखवाव्या लागतात, म्हणून संगणक आला तरी लेखी नोंदवही थांबवू नये.

खिडकी बंद करणे

कधी कधी एखादे साधन बंद करावे लागते, आणि ते लाजिरवाणे नाही. माणूस निवृत्त झाला, सेवा महाग झाली, किंवा सभासदच दुसरीकडे वळले, अशी कारणे असतात. लाजिरवाणे आहे ते खिडकी उघडी ठेवून मागे कोणीच नसणे. तीन महिन्यांतून एकदा पहिल्या पायरीतल्यासारखीच मोजणी करावी: या खिडकीवर किती प्रश्न आले, कितींना जाहीर वेळेत उत्तर गेले. सलग दोन वेळा उत्तरे निम्म्याहून कमी प्रश्नांना गेली असतील तर एक तर माणूस वाढवावा, नाही तर खिडकी बंद करावी.

बंद करताना महिनाभर आधी त्याच साधनावर, चॅनेलवर आणि दारातल्या फलकावर सूचना द्यावी, आणि यापुढे कोठे विचारावे ते स्पष्ट लिहावे. प्रलंबित मागण्या दुसऱ्या तक्त्यात उतरवून घ्याव्यात, साठलेले अभिप्राय जतन करावेत, सभासदांची अनावश्यक माहिती पुसून टाकावी, आणि मग खाते हटवावे. हे सर्व कोणत्या तारखेला, कोणाच्या ठरावाने झाले, त्याची एक ओळ इतिवृत्तात नोंदवावी, म्हणजे दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या ग्रंथपालाला ‘आपले पान होते ते गेले कोठे’ या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.